रजेवरचा समुद्र

आमच्या तारापुरात समुद्र कामाला आहे. कायमस्वरूपी. 1969 पासून तो अणुऊर्जा केंद्रात तिन्ही पाळ्यांना हजर असतो. तिथल्या वाफेला गार करून तिचं पुन्हा पाणी करणं, हे त्याचं खातं. उरलेल्या वेळात तो दांडी, घिवली, वरोरच्या होड्यांना मासे पुरवतो, चिंचणीला रविवारी येणाऱ्या पाहुण्यांचे पाय भिजवून देतो आणि एमआयडीसीचं सांडपाणी नवापूरला पोटात घेतो. 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी असते, तेव्हा त्याला रजा मिळते. तीही अर्धीच, कारण अणुऊर्जा केंद्राला पावसाळ्याची सुट्टी नसते.

त्यामुळे समुद्राकडे माणसं आराम करायला जातात, हे मला टीव्हीवरूनच माहीत होतं. आमच्या घरात समुद्राचा विषय निघतो तो फ्रीजच्या दाराला गंज चढला की, किंवा बोंबील महागले की. वाळत घातलेले कपडे वाळत का नाहीत, याचं उत्तरही समुद्रच असतो. अशा घरात माझी दहावीची परीक्षा संपल्यावर बाबांनी जाहीर केलं की आपण क्रूझवर जायचं. ‘टोटल रिलॅक्सेशन’ असं ते म्हणाले. बाबा बोईसरला एका केमिकल कंपनीत शिफ्टला असतात. त्यांच्या तोंडून तो शब्द महिन्याच्या प्रॉडक्शन टार्गेटसारखा आला, आणि ते टार्गेट आम्हाला पुढे पुरं करावंच लागलं.

पॅकेज असं होतं. संध्याकाळी मुंबईहून निघायचं, दोन रात्री समुद्रात काढायच्या आणि मुंबईलाच उतरायचं. मध्ये काही नाही. गोवा नाही, लक्षद्वीप नाही. ते महाग पडत होतं.

माझी दांडीची एक मैत्रीण आहे. तिचे वडील बोटीवर तांडेल आहेत आणि आई बोईसरच्या बाजारात मासे विकते. तिला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, “पण बोट जाते कुठे?”

“कुठेच नाही. समुद्रात जाते आणि परत येते.”

“आमची पण तेच करते,” ती म्हणाली. “पण आमचे पप्पा जाताना बर्फ नेतात.”

आजीला तर हा प्रकार पटेचना. आजोबा मूळचे मालवणचे, अणुऊर्जा केंद्रात नोकरी लागली म्हणून तारापूरला आले. त्यामुळे आजीने तरुणपणी मुंबई ते मालवण प्रवास आगबोटीने केलेला. भाऊच्या धक्क्यावरून सुटायचं आणि हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड अशी बंदरं घेत जायचं. मालवणला खडकांमुळे बोट लांब उभी राहायची, मग हलत्या बोटीतून त्याहून जास्त हलणाऱ्या पडावात उतरायचं. डेकवर चटई पसरून झोपायचं. एका बाजूला फणस, दुसऱ्या बाजूला कोंबड्यांची टोपली, आणि ओकणारी माणसं सगळीकडे. पुढे रस्ते झाले, एसटी आली, आगबोटी बंद पडल्या आणि 1998 मध्ये कोकण रेल्वे सुरू झाल्यावर त्यांची आठवणही आजीसारख्यांपुरतीच उरली. तर आजीने बाबांचं सगळं ऐकून घेतलं, माहितीपत्रक उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं, “बंदर घेना नाय, तर बोट सोडल्यानी कित्याक?”

बाबांनी सांगितलं, “आई, बंदर महत्त्वाचं नाही. प्रवासच महत्त्वाचा.” हे वाक्य त्यांनी व्हॉट्सॲपवर वाचलेलं होतं. मीही वाचलं होतं.

रिकामा वेळ होता म्हणून मी बोटींचा अभ्यास केला. इतिहासाच्या पेपरला एवढा केला नव्हता. मुंबईहून गोव्याला ‘आंग्रिया’ नावाची क्रूझ 2018 मध्ये सुरू झाली. आंग्र्यांचं नाव आरामाच्या बोटीला द्यायचं म्हणजे धाडसच. कान्होजींच्या काळात मुंबईहून निघालेली एकही इंग्रज बोट या किनाऱ्यावर रिलॅक्स झाली नसेल. मग 2021 पासून ‘कॉर्डेलिया’ची ‘एम्प्रेस’ आली. ती 1990 मध्ये फ्रान्समध्ये बांधलेली, अकरा मजल्यांची. म्हणजे आमच्या बोईसरच्या बऱ्याच इमारतींपेक्षा उंच, आणि वयाने माझ्या मामाएवढी. तसं पाहिलं तर या किनाऱ्यावर परदेशी लोकांनी बोटीने येऊन मुक्काम करणं नवं नाही. पोर्तुगीजही असेच आले होते. त्यांचं पॅकेज मात्र फार लांबलं, आणि 1739 मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने तारापूरच्या किल्ल्यातून त्यांचं चेकआउट केलं.

आम्ही कोणत्या बोटीवर गेलो, ते मी लिहीत नाही. बोटीबद्दल काही तक्रार नाही. पण बाबांनी तिथे जे केलं, त्यावरून त्यांना कोणी ओळखू नये, आणि त्यांना परत जायचं आहे.

जाताना आम्ही डहाणू लोकलने गेलो. बाबांनी फुलाफुलांचा शर्ट घातला होता आणि डोक्यावर गवती टोपी. त्या वेषात ते चौथ्या सीटवर अर्धे बसले होते, मांडीवर बॅग, बॅगेत आईने भरलेली सुकटीची चटणी. “बोटीवर सगळं मिळतं गं,” असं त्यांनी तिला तीनदा सांगितलं होतं. “मिळू दे,” आई म्हणाली होती. समोरच्या काकांनी सहज विचारलं, “कुठे निघालात?” बाबांनी “क्रूझला” असं उत्तर इतक्या मोठ्याने दिलं की डबा पालघर सोडायच्या आत सगळ्यांना कळलं. वैतरणेपर्यंत लोकांनी आम्हाला सल्ले दिले. त्यातला एकही माणूस क्रूझवर गेलेला नव्हता.

बोटीवर पाय ठेवल्यावर पहिला कार्यक्रम आरामाचा नसतो. पहिला कार्यक्रम बोट बुडाली तर काय करायचं, हा असतो. 1912 मध्ये टायटॅनिक बुडाली, त्यानंतर 1914 मध्ये जहाजांच्या सुरक्षेसाठी पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. 2012 मध्ये कोस्टा कॉन्कॉर्डिया इटलीच्या किनाऱ्याजवळ खडकावर आपटून कलंडली. तिच्यावर नुकत्याच चढलेल्या कित्येकांचा सराव व्हायचाच होता. तेव्हापासून हा सराव बोट सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या उरकावा लागतो. सात आखूड भोंगे आणि एक लांब. तो ऐकला की आपल्याला नेमून दिलेल्या जागी जायचं, लाइफ जॅकेट कसं बांधायचं ते बघायचं. बाकीच्या प्रवाशांना यात गंमत वाटत होती. आमच्या कुटुंबाला वाटली नाही, कारण आमच्या कुटुंबाचा अनुभव दांडगा आहे.

अणुऊर्जा केंद्राभोवती सोळा किलोमीटरचा आपत्कालीन नियोजनाचा पट्टा असतो. आमच्याकडे मॉक ड्रिल होतात. त्यातला धडा आम्हाला लहानपणापासून पाठ: घरात जा, दारं-खिडक्या लावा, नाकावर ओला रुमाल धरा, सांगितल्याशिवाय बाहेर पडू नका. केमिकल कंपनीतला धडा वेगळा: वारा कुठून येतोय ते बघा आणि वाऱ्याला आडवे चालायला लागा. आणि 2018 च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले, लोक थंडीत तंबूत झोपले, तेव्हा तिसरा धडा मिळाला: घरातून बाहेर पळा आणि मोकळ्या मैदानात उभे राहा. आईचं माहेर त्याच बाजूला आहे.

त्यामुळे सात आखूड आणि एक लांब भोंगा वाजला तेव्हा पुढील गोष्टी घडल्या. आजीने केबिनचं दार लावून घेतलं आणि नाकाला ओला रुमाल लावून पलंगावर बसली. बाबा वाऱ्याची दिशा बघायला वरच्या डेकवर गेले. आई मोकळी जागा शोधत स्विमिंग पूलपाशी जाऊन उभी राहिली. नेमलेल्या जागी वेळेवर पोचलेला आमच्या घरातला एकमेव माणूस म्हणजे माझा नऊ वर्षांचा भाऊ. त्याला अजून कुठलंच प्रशिक्षण मिळालेलं नाही. मी जिन्यात उभी राहून या सगळ्यांना फोन लावत होते.

आमची केबिन आतल्या बाजूची होती. तिला खिडकी नव्हती. खिडकीवाली केबिन घ्या असं आई म्हणाली होती, त्यावर बाबांनी विचारलं होतं, “झोपल्यावर काय दिसतं?” याला उत्तर नाही. तारापूरला आमच्या गच्चीवरून समुद्र दिसतो. इथे भर समुद्रात येऊन तो दिसत नव्हता. दिवा बंद केला की असा अंधार व्हायचा की दुपार आहे की पहाट, ते कळायचं नाही. बाबांना मात्र ते आवडलं. नाइट शिफ्ट करून आलेल्या माणसाला अशीच खोली हवी असते, असं ते म्हणाले.

पण त्या खोलीत थांबायला वेळ कोणाला होता? दिवसभराच्या कार्यक्रमांचा कागद हातात आला. सकाळी योग, मग झुंबा, मग तंबोला, मग जादूचा प्रयोग, मग कसलासा क्विझ, आणि या सगळ्यांच्या मधल्या फटीत जेवणं. बाबांनी तो कागद वाचला आणि त्यांच्यातला शिफ्ट इन्चार्ज जागा झाला. स्विमिंग पूलच्या कडेला आडव्या खुर्च्या होत्या. त्या पटकन भरतात हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी आमच्या पाळ्या लावल्या. पहिली पाळी आजी, जनरल शिफ्ट आई, दुसरी पाळी मी. रिलीव्हर आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. मी अकरा वाजता गेले तेव्हा आईने मला रीतसर चार्ज दिला: टॉवेल एक, पाण्याची बाटली अर्धी, डाव्या बाजूच्या काकू दोनदा विचारून गेल्या, ‘इथे कोणी बसलंय का’. मग ती जादूचा प्रयोग बघायला पळाली. मी खुर्चीत आडवी झाले आणि आपण ड्यूटीवर आहोत की रजेवर, ते ठरवू लागले.

मोठ्या माणसांचा एक समज असतो की आमच्या वयाच्या मुलांना नेटवर्क नसलं की आम्ही तडफडतो. किनाऱ्यापासून लांब गेल्यावर फोनचे दांडे गेले. मला काहीच झालं नाही. डहाणू लोकलने जाणाऱ्या माणसाला वैतरणेच्या आसपास नेटवर्कची आशा नसते, म्हणून मी सगळं घरूनच डाउनलोड करून नेलं होतं. तडफडले ते बाबा. त्यांनी गवती टोपीसकट डेकच्या चारही कोपऱ्यांत जाऊन फोन वर धरून बघितला. त्यांच्याबरोबर आणखी काही बाबा होते. सगळ्यांना कंपनीतून काही मेसेज आला नसेल ना, ही काळजी होती. आला असता तर वैतागले असते. संध्याकाळपर्यंत या बाबांची चांगली ओळख झाली आणि ते एकमेकांना नेटवर्कच्या बातम्या देऊ लागले. “त्या टोकाला एक दांडा येतो म्हणे.” मग सगळे त्या टोकाला.

जेवणाबद्दल लिहायचं तर मला वेगळा लेख लागेल. बाबांचा हिशेब साधा होता. जेवण तिकिटात धरलेलं आहे, म्हणजे न खाल्लेला प्रत्येक पुलाव हे नुकसान. बुफेत लोक ताटात पदार्थांचे मजले चढवत होते. एका आजोबांच्या ताटात डोसा, नूडल्स, गुलाबजाम आणि त्यावर छत्रीसारखा पापड होता. आईची गाडी मात्र माशापाशी अडली. तिने वाढणाऱ्या दादाला विचारलं, “हा मासा कोणता?”

“फिश आहे मॅडम.”

“हो, पण कोणता?”

त्याने जरा विचार केला. “ग्रेव्हीवाला.”

आई तारापूरला सून म्हणून आली ती तलासरीकडून, पण एवढ्या वर्षांत ती सरंगा आणि हलवा डोळे मिटून ओळखायला लागली आहे. नाव नसलेला मासा तिने आयुष्यात पहिल्यांदा बघितला. तिने ताटात भात आणि वरण घेतलं, केबिनमध्ये आली आणि सुकटीच्या चटणीची बाटली उघडली. त्या वासाने आजीही आली. मग मीही. दार बंद करून, बिनखिडकीच्या त्या खोलीत, आम्ही तिघींनी सुट्टीतलं सगळ्यात चांगलं जेवण केलं. बाबा तेव्हा वरती तिसऱ्यांदा ताट घेऊन उभे होते.

संध्याकाळी सूर्य मावळायच्या वेळी सगळी बोट पश्चिमेच्या कठड्याला आली. फोन वर, सूर्य खाली. मला त्यात नवल वाटेना. हाच सूर्य चिंचणीला रोज याच वेळी याच समुद्रात बुडतो, फुकट. आमच्याकडे एमआयडीसीच्या मेहेरबानीने जरा जास्तच लाल असतो. एक गोष्ट मात्र तिथे माझ्या लक्षात आली. सूर्य बुडाला आणि दोन मिनिटांत कठडा रिकामा झाला. आत तंबोल्याची पुकार सुरू झाली होती. एवढा मोठा समुद्र बाहेर नुसता पडून होता. कोणाचं रिॲक्टर गार करायचं नाही, कोणाच्या जाळ्यात काही घालायचं नाही, कोणाचं काही पोटात घ्यायचं नाही. मी त्याला असं बिनकामाचं कधी बघितलं नव्हतं. सगळ्या बोटीवर खऱ्या अर्थाने रिलॅक्स तोच एक होता, आणि त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

रात्री बाबांना बोट लागली.

एप्रिलचा समुद्र तसा शांत असतो. बोट हलत होती म्हणण्यापेक्षा बोट विचारात पडली होती म्हणावं, इतकंच. पण त्याचंही शास्त्र आहे. कानाच्या आत तोल सांभाळणारा एक भाग असतो, तो मेंदूला सांगतो की आपण हलतोय. डोळ्यांना समोर क्षितिज दिसलं तर ते म्हणतात, खरं आहे, हलतोय. पण डोळ्यांसमोर चार भिंती असतील तर ते म्हणतात, छे, काही हलत नाही. मग कान आणि डोळे भांडतात आणि निकाल पोटात लागतो. म्हणजे खिडकीचे जे पैसे बाबांनी वाचवले होते ते, आणि बुफेत जे वसूल केलं होतं ते, असं सगळंच त्या रात्री परत गेलं. आईने ॲव्होमिनची गोळी दिली. आजी पलंगाच्या कडेला बसून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि आगबोटीत कोण कोण किती ओकलं होतं त्याच्या गोष्टी सांगत होती. बाबांनी दोन्ही हात जोडून तिला थांबायला सांगितलं.

पहाटे त्या खोलीत झोप येईना म्हणून मी वर गेले. आजी आधीच कठड्याला उभी होती. तिला विचारलं तर म्हणाली, दिवे बघत होते. जयगड आणि रत्नागिरीच्या दीपगृहाचा दिवा तिला ओळखू येतो म्हणे. आम्ही त्या बाजूला नव्हतोच, पण मी काही बोलले नाही. जीपीएसपेक्षा तिचा अनुभव जुना.

आणि मग सूर्य समुद्रातून वर आला.

हे वाचून पूर्व किनाऱ्यावरच्या लोकांना काही वाटणार नाही. पण मी तारापूरची. आमच्याकडे सूर्य समुद्रात जातो, समुद्रातून येत नाही. सकाळी तो बोईसरच्या मागून, डोंगराकडून येतो, आणि समुद्रापर्यंत पोचायला त्याला दुपार होते. सोळा वर्षं मी त्याला एकाच दाराने बाहेर पडताना बघितलंय. आता तो त्याच दाराने आत आल्यासारखा वाटला. मी फोन काढला नाही. काढायचं सुचलं नाही, हे जास्त खरं. आजीने हात जोडले, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली, डोळे उघडले आणि म्हणाली, “चाय किती वाजता देतत?”

दुसऱ्या दिवशी बाबा दहीभातावर होते. बुफेच्या दारातून आत बघून ते पुढे जायचे. खुर्चीच्या पाळ्या बंद झाल्या, तंबोल्याला कोणी गेलं नाही. आई पूलपाशी पुस्तक वाचत बसली, भावाने पाण्यातून बाहेर यायला नकार दिला. बाबा माझ्या शेजारी कठड्याला टेकून क्षितिजाकडे बघत बसले. बोटीवरच्या डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं, नजर लांब ठेवा म्हणून. ते तासभर गप्प होते. मग म्हणाले, “पाणी किती आहे ना?” तारापूरला जन्मलेल्या माणसाने हे वाक्य म्हणणं मला जरा जास्त वाटलं, पण ते शिफ्ट करतात, समुद्र त्यांनी बसच्या खिडकीतूनच बघितलेला.

घरी आल्यावर मैत्रीण भेटली. तिला सगळं सांगितलं. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि म्हणाली, “दोन रात्री समुद्रात. एवढी मोठी बोट. आणि एक बोंबील नाही आणलात?” मग तिने विचार केला. आता वाढवणला बंदर होतंय, 2024 च्या ऑगस्टमध्ये भूमिपूजनही झालं, 76 हजार कोटींच्या वर खर्च होणार म्हणतात. मोठमोठ्या बोटी आमच्याच दारात येणार. तिच्या गावात त्यावरून रोज भांडणं आहेत. मासे कुठे जातील आणि जाळी कुठे टाकायची, हे कोणी नीट सांगत नाही. “मग पप्पांनी पण क्रूझ काढावी,” ती म्हणाली. “एक रात्र समुद्रात. खोली नाही, पण खिडकी चारही बाजूंना. सूर्य दोन्हीकडून. मासा नावासकट.” मला कल्पना आवडली. मी दर काढायला बसले. पहिलं बुकिंग आजीने केलं, अट एकच: परत येताना कुठलंतरी एक बंदर घ्यायचं.

तिचे पप्पा ओट्यावर जाळं शिवत होते. आमचं बोलणं त्यांच्या कानावर जात होतं, पण मान वर केली नव्हती. शेवटी दोरा दाताने तोडून त्यांनी विचारलं, “कोण कोण येणार?”

“आजी, आई, मी, भाऊ आणि बाबा.”

“आजीला आण,” ते म्हणाले. “बाबांना धक्क्यावर बसव. परत आलो की दोरी धरायला माणूस लागतो.”